हॅनोव्हरच्या तबकड्या

जर्मनींतील हॅनोव्हर या शहराचा आणि मराठी गाण्याचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या पिंपळगांव बसवंतच्या भोंवतालच्या मळ्यांतील द्राक्षें दरसाल युरोपांत जातात, त्यामुळें तिकडच्या बंदरांचीं नांवें येथील बागाइतदारांच्या तोंडीं सहज बसलीं आहेत. पण हॅनोव्हर हें नांव त्यांत ऐकूं येत नाहीं. तें ऐकूं येतें तें निराळ्याच मंडळींकडून. आमचे कित्येक विद्यार्थी ‘स्कॉर्पियन्स’, म्हणजे विंचू, असें नांव घेतलेल्या एका जर्मन वादकसंघाचे भक्त आहेत, आणि हा संघ हॅनोव्हरचा हें त्यांस पाठ असतें. उलट ज्यांना जुन्या तबकड्यांचा नाद आहे अशा आमच्या वयाच्या गृहस्थांसहि हॅनोव्हर ठाऊक असतें, कारण आपल्याकडील जुन्यांतल्या जुन्या तबकड्यांवर तें नांव छापलेलें आहे. गंमत अशी कीं, या दोन हॅनोव्हरांची एकमेकांशीं ओळख नाहीं. ती करून द्यावी, आणि तसें करतांना तबकडी या वस्तूनें गाणाऱ्याकडून काय घेतलें व त्याला काय दिलें याचा थोडा हिशेब मांडावा, असा आमचा हेतु आहे.

एमिल बर्लिनर याचा जन्म हॅनोव्हर येथें १८५१ सालीं झाला. ऐन तारुण्यांत, १८७० सालीं, तो अमेरिकेस गेला व तिकडचाच झाला. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ काढला तेव्हां ध्वनि नळकांड्यावर उमटत असे. नळकांड्याची अडचण ही कीं, त्याच्या हुबेहूब प्रती मोठ्या संख्येनें काढणें त्या काळीं कठीण होतें. बर्लिनरनें १८८७ सालीं नळकांडें टाकून सपाट चकती घेतली. चकतीचा धातूचा ठसा करतां येतो, आणि ठसा एकदां हातीं आला म्हणजे छापखान्यांत पुस्तक छापावें तशा तिच्या हजारों प्रती दाबून काढतां येतात. हस्तलिखित पोथी आणि छापील पोथी यांत जें अंतर, तेंच नळकांडें आणि तबकडी यांत. १८९८ सालीं बर्लिनरनें आपला भाऊ योसेफ याच्या साहाय्यानें जन्मगांवींच तबकड्यांचा कारखाना काढला. लंडनची ग्रामोफोन कंपनी आपल्या तबकड्या तेथेंच दाबून घेऊं लागली. आणि हिंदुस्थानांत या धंद्याचा शिरकाव त्याच कंपनीच्या द्वारें झाला.

त्या कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि थोड्या आठवड्यांत त्यानें पांचशेंच्या वर गाणीं टिपलीं. गोहरजान हें त्यांतलें सर्वांत गाजलेलें नांव. पुढच्या दौऱ्यांत इतरहि शहरें आलीं, आणि १९०५ च्या सुमारास अब्दुल करीम खां यांचा तरुण आवाज तबकडीवर उमटला. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. भिंतींतून बाहेर आलेल्या एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गायचें. पलीकडच्या खोलींत मेणाची चकती फिरत असे व आवाजाच्या जोरानें हलणारी सुई तिच्यावर रेघ ओढी. तंबोऱ्यासारख्या मृदु वाद्याचा नाद त्या कर्ण्यास कळतच नसे. मेणाच्या चकत्या पेट्यांत भरून जहाजानें जर्मनीस जात. हॅनोव्हरमध्यें त्यांजवर विजेच्या साहाय्यानें तांब्याचा थर चढवून ठसे होत, आणि त्या ठशांनीं लाखेच्या काळ्या तबकड्या दाबल्या जात.

या लाखेची हकीकत थोडी सांगितलीच पाहिजे. तबकडीचा काळा पदार्थ म्हणजे लाख, दगडाची वस्त्रगाळ पूड व काजळी यांचें मिश्रण. ही लाख जगाला मुख्यत्वें हिंदुस्थानच पुरवीत असे. छोटा नागपूर व मध्यप्रांत येथील रानांत पळस, कुसुम, बोर या झाडांवर बसणाऱ्या किड्याची ती घडण. म्हणजे माल आमच्या रानांतला, गळा आमच्या गवयाचा, आणि दोहोंची गांठ पडायची ती मात्र हॅनोव्हरच्या कारखान्यांत! तेथून तयार तबकडी समुद्र ओलांडून पुन्हां मुंबईच्या दुकानांत येई. कापूस मँचेस्टरला जाऊन धोतरजोडा होऊन परत येई, त्याचाच हा दुसरा प्रकार. फरक इतकाच कीं, धोतर विणणारे हात आमच्याकडे होते, तबकडी दाबणारे नव्हते. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला तेव्हां हा द्राविडी प्राणायाम थांबला.

त्या जुन्या तबकड्या ऐकतांना एक गोष्ट कानांस खटकते. गाणें संपतें न संपतें तोंच गायिका किंवा गवई मोठ्यानें इंग्रजींत आपलें नांव सांगतात. पुष्कळांस हा साहेबी डौल वाटतो. वास्तविक कारण व्यवहाराचें होतें. हॅनोव्हरच्या कामगारांस खमाज आणि काफी यांतला भेद कळणें शक्य नव्हतें, मग चकत्यांच्या ढिगांतून कोणती कोणाची हें त्यांनीं ओळखावें कसें? गाणाऱ्यानें स्वतःच शेवटीं नांव सांगितलें म्हणजे घोटाळा टळे. ज्या बाईनें ठुमरींत श्रोत्यांस मंत्रमुग्ध केलेलें असतें तिनें सूर सोडून पार्सलावर पत्ता घालावा तसें आपलें नांव उच्चारायचें, हें ऐकून प्रथम हंसूं येतें. दुसऱ्यांदां येत नाहीं. मात्र या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परभाषेस दिलेले तेवढेच दोन क्षण. बाकीची सगळी तबकडी गाणाऱ्याची व त्याच्या भाषेची.

वेळाचें मात्र तसें नव्हतें. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटें, बारा इंचीवर चार-साडेचार, आणि अगदीं आरंभींच्या सात इंचीवर दोनच. ज्या गायकींत नुसता षड्ज लावण्यास तेवढा वेळ जातो तिनें दोन मिनिटांत काय करावें? पुष्कळांनीं केलें तें हेंच कीं, आलाप टाकला, लय चढविली, आणि ताना एकींत एक घुसवून चीज संपविली. ही घाई म्हणजेच जुनी गायकी असा समज कित्येक नव्या श्रोत्यांचा होतो व तो पिढीजाद कलावंतांवर अन्याय करणारा आहे. तबकडी ऐकून गवयाची परीक्षा करणें म्हणजे तारेवरून लेखकाची शैली ठरविण्यासारखें आहे.

पण तारहि आली नाहीं अशांचें काय? भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. गैसबर्ग हिंदुस्थानांत आला तो पुढच्या वर्षीं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’-‘सौभद्रा’ंत ज्या आवाजानें महाराष्ट्र वेडा झाला, तो आज केवळ म्हाताऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या आठवणींत उरला आहे. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत. तबकड्यांचा धंदा तोंवर गल्लोगल्लीं पोंचला होता, तरी या दोघांचीहि तबकडी आपणांजवळ नाहीं. तीन मिनिटांत आपली विद्या कोंबणें थोरांस कमीपणाचें वाटलें असेल तर त्यांस दोष देववत नाहीं. परंतु त्या स्वाभिमानाची किंमत त्यांनीं नव्हे, आपण भरली. भाऊरावांची गोष्ट तर त्याहूनहि कठोर, कारण तेथें नको म्हणण्याचाहि प्रश्न आला नाहीं.

लंडनच्या कंपनीमागोमाग निखळ जर्मन कंपन्याहि आल्या. बर्लिनच्या बेका कंपनीची मंडळी १९०५-०६ सालीं कॉन्स्टँटिनोपल, कैरो असे मुक्काम करीत मुंबईस आली व येथून कलकत्ता, रंगून करीत थेट चीन-जपानपर्यंत गाणीं टिपीत गेली. तिचा चालक हाइनरिश बुंब यानें या प्रवासाची हकीकत जर्मन धंदेवाईक पत्रांत छापली होती. पाठोपाठ ओडियन आली. दोन्ही बाजूंस गाणें असलेली तबकडी प्रथम बाजारांत आणली ती हिनेंच; आणि १९०९ सालीं चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराची एक लांब रचना चार तबकड्यांवर वांटून, त्या तसबिरींच्या वहीसारख्या बांधणींत घालून तिनें विकली. तेव्हांपासून अशा संचास ‘आल्बम’ म्हणण्याची रूढि पडली. आतां वही गेली, तबकड्यांचा गठ्ठा गेला, पण शब्द राहिला.

१९१४ च्या महायुद्धानें हा जर्मन व्यापार बंद पाडला. हॅनोव्हरचा कारखाना जर्मन सरकारनें शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यांत घेतला व १९१७ सालीं तो एका जर्मन कंपनीस विकला. लंडन आणि हॅनोव्हर यांची फारकत झाली ती कायमची. ओडियन हें नांव मात्र १९३० नंतरच्या दशकांत आपल्याकडे पुन्हां दिसूं लागलें, आणि त्या नांवाखालीं जें एक काम झालें त्यासाठीं मराठी रसिकांनीं त्या छापाचें ऋण मान्य करावें. १९३७ सालीं अब्दुल करीम खां वारले. त्यापूर्वीच्या तीन-चार वर्षांत त्यांचें उतारवयांतील गाणें या तबकड्यांवर उतरलें. झिंझोटींतील ठुमरी त्यांतच आहे, ‘मानापमाना’ंतील दोन पदेंहि त्यांतच. एव्हांना मायक्रोफोन आला होता, कर्ण्यांत डोकें घालण्याचें काम उरलें नव्हतें. पण मिनिटें तेवढींच होतीं. १९०५ च्या तबकडीवर पळत सुटलेला तोच गवई या तीन मिनिटांत स्वस्थ बसलेला आहे. एकेक सूर तो अशा सावकाशीनें लावतो कीं, वेळ थोडा आहे ही गोष्ट त्याच्या गांवींहि नाहीं असें वाटावें. तीस वर्षांच्या सरावानें त्यांनीं तीन मिनिटांच्या मापाचा एक स्वतंत्र घाट घडविला होता. ख्यालाचा तुकडा तो नव्हे. अभंग जसा ओवीबद्ध ग्रंथाचा तुकडा नसतो, तसा. यास्तव तबकडीनें आमच्या गाण्याचा गळा घोटला असें जें सरसकट बोललें जातें तें आम्हांस पटत नाहीं. तिनें पुष्कळांस घाईंत टाकलें. थोड्यांस आंवरायला शिकविलें.

आतां दुसऱ्या हॅनोव्हराकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत, विशेषतः १९४३ च्या ऑक्टोबरांतील विमानहल्ल्यानें, या शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. युद्धानंतर तें ब्रिटिशांच्या ताब्यांतील विभागांत आलें. रस्त्यांत इंग्रज शिपाई, आकाशवाणीवर शिपायांसाठीं लावलेलीं इंग्रजी-अमेरिकन गाणीं, अशा हवेंत तेथील मुलें वाढलीं. रुडोल्फ शेंकर व क्लाउस माइने हे दोघेहि १९४८ सालचे. शेंकरनें १९६५ मध्यें, हॅनोव्हरजवळच्या झारस्टेट गांवीं, आपला संघ काढला; माइने व रुडोल्फचा धाकटा भाऊ मायकेल हे पुढें त्यांत आले. १९७१ सालीं हँबुर्ग येथें कॉनी प्लांक या निर्मात्याच्या देखरेखीखालीं त्यांचा पहिला आल्बम ध्वनिमुद्रित झाला व १९७२ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. नांव ‘लोन्सम क्रो’, म्हणजे एकाकी कावळा. गिटार वाजविणारा मायकेल तेव्हां जेमतेम सोळा वर्षांचा होता.

पुढें ज्यास ‘हेवी मेटल’ म्हणूं लागले, विजेनें फुगविलेल्या गिटारीचा तो कर्कश व घणाघाती प्रकार, त्या पंथांत या संघाचें नांव जगभर झालें. पण या पहिल्या आल्बमांत तो पंथ अजून सांपडलेला नाहीं. सात गाणीं आहेत. त्यांत जॅझची छाया आहे, स्वप्नांत भरकटल्यासारखे लांब वाद्यालाप आहेत, आणि एका गाण्यांत साध्या लांकडी गिटारीचे हळुवार तुकडे आहेत. शेवटचें, आल्बमास नांव देणारें गाणें तर तेरा मिनिटांहून मोठें आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत लांबपल्ल्याची तबकडी निघाल्यापासून एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं होतीं, आणि या मुलांनीं ती सवलत आकंठ भोगली. आमचें प्रामाणिक मत सांगावयाचें तर त्या तेरा मिनिटांपैकीं निम्मीं तरी मुलें वाट चुकलेलीं आहेत. तरीपण चुकलेली वाट पाहण्याचाहि एक आनंद असतो. तरुणानें सर्व सामान अंगणांत मांडून ठेवावें व यांतलें काय ठेवूं, काय टाकूं असें पाहत बसावें, तसें तें गाणें आहे. आमच्या १९०५ च्या गवयास ही चैन कोणी दिली नव्हती. त्यास पहिल्याच दिवशीं, पहिल्याच मिनिटांत, नेमकेपणानें बोलावें लागलें. तरुण अब्दुल करीमांस तेरा मिनिटें मिळालीं असतीं तर काय ऐकूं आलें असतें, हा विचार त्या जर्मन पोराचें गिटार ऐकतांना मनांतून जात नाहीं.

भाषेच्या बाबतींत मात्र पारडें उलट फिरतें. ‘लोन्सम क्रो’ची सर्व गाणीं इंग्रजींत आहेत. तें मुलांवर कोणी लादलेलें नव्हतें. त्याच सुमारास उडो लिंडेनबर्ग १९७२ पासून जर्मन भाषेंत गाऊं लागला होता, आणि बर्लिनच्या ‘टोन श्टाइने शेर्बेन’ या संघानें १९७१ सालींच आपला पहिला आल्बम स्वभाषेंत काढला होता. हॅनोव्हरच्या पोरांनीं इंग्रजी निवडली, कारण त्यांचें लक्ष जगाच्या बाजारावर होतें. शिवाय पराभवानंतरच्या त्या पिढीस बापाच्या भाषेंत घोषणांचे पडसाद ऐकूं येत असतील, हेंहि विसरून चालणार नाहीं. हिशेब खरा ठरला. लिंडेनबर्ग जर्मनांच्या घराघरांत राहिला. विंचू जगभर गेले. १९८९ च्या ऑगस्टांत मॉस्को येथें झालेल्या संगीतमहोत्सवावरून माइनेनें रचलेलें व १९९० च्या आल्बमांत आलेलें ‘विंड ऑफ चेंज’ हें गाणें बर्लिनची भिंत पडल्याच्या काळाचें गाणें म्हणूनच ओळखलें गेलें. जर्मनीच्या एकीकरणाचें गाणें, जर्मनाच्या तोंडीं, आणि भाषा इंग्रजी!

इंग्रजीच्या आधारावर आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यानें यावर फार बोलणें शोभत नाहीं. पण तुलना होते ती होतेच. स्वतंत्र देशाच्या स्वतंत्र तरुणांनीं आपण होऊन सगळें गाणें परभाषेस दिलें आणि त्याच्या मोबदल्यांत जग मिळविलें. परतंत्र देशाच्या गवयांनीं परक्या कंपनीसाठीं, परक्या कारखान्यासाठीं गातांनाहि शेवटचे दोन क्षणच दिले. त्यांस जग मिळालें नाहीं, पण पुण्या-मुंबईपासून लहान गांवांतील सावकाराच्या ओसरीपर्यंत त्यांचा आवाज पोंचला तो त्यांच्या स्वतःच्या बोलांसकट. या दोहोंत अधिक फायद्याचा सौदा कोणता हें आम्ही ठरविणार नाहीं. आमचे विद्यार्थी पहिल्याच्या बाजूचे आहेत, आणि त्यांचीं कारणें सर्वस्वीं टाकाऊ नाहींत.

लांबपल्ल्याची तबकडी आमच्याकडे रुळली ती उशिरानें, आणि या उशिराचा घाव आमच्या जिल्ह्यास विशेष लागला. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९२२ च्या सुमारास नाशकास आश्रम स्थापला होता. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचाच. दत्तात्रेयबुवांनीं जीं भजनें व ख्याल तबकड्यांवर दिले ते बहुतेक त्याच जुन्या तीन मिनिटांच्या मापाचे. १९५५ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते गेले. त्यांचें विस्तृत गाणें आज ऐकावयास मिळतें तें मुख्यतः आकाशवाणीनें जपून ठेवलेल्या मुद्रणांतून, म्हणजे त्यांच्या पश्चात्. हॅनोव्हरकडे पाहिलें तर काळ तेथेंहि थांबला नव्हता. लाखेच्या तबकड्या दाबणाऱ्या त्याच कारखान्याच्या वारसांनीं १९८२ च्या ऑगस्टांत, शहरालगतच्या लांगेनहागेन येथें, प्रकाशकिरणानें वाचावयाची चकचकीत कॉम्पॅक्ट डिस्क मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. आणि आज तीहि अडगळींत चालली आहे.

‘लोन्सम क्रो’च्या आवृत्त्या पुनःपुन्हां निघतात, ज्यास पाहिजे त्यास तो आल्बम घरबसल्या ऐकतां येतो. आमच्या आरंभींच्या तबकड्यांचें तसें नाहीं. मुंबईंत १९९० पासून भारतीय तबकडी-संग्राहकांची एक संस्था आहे व तिनें पुष्कळ वांचविलें आहे, तरी जें वांचवावयाचें तें अजून खाजगी घरांतून पडलें आहे. निफाड तालुक्यांतील जुने वाडे पाडले जात आहेत. माळ्यावरच्या पितळेच्या कर्ण्यास सजावटीचा माल म्हणून गिऱ्हाईक मिळतें, आणि त्याच्याबरोबरच्या काळ्या तबकड्या फुटक्या कवलांत जातात. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशी पेटी असेल तर तिच्यांत एकाच बाजूस गाणें असलेली तबकडी आहे काय हें पाहावें. मागच्या कोऱ्या बाजूस लेखणी धरून बसलेल्या देवदूताची आकृति उठविलेली असेल, आणि पुढच्या चिठ्ठीवर हॅनोव्हरचें नांव असेल, तर ती बहुधा १९०८ पूर्वींची समजावी. अशी तबकडी उन्हांत ठेवूं नये, एकीवर एक रचूं नये, उभी ठेवावी. जुन्या यंत्राच्या पोलादी सुईखालीं ती वारंवार घालूं नये, कारण प्रत्येक खेपेस ती सुई थोडा आवाज खरवडून नेते. जाणत्या संग्राहकाकडून एकदां नक्कल करवून घेणें उत्तम. आणि नक्कल करतांना गाणें संपलें म्हणून सुई लगेच उचलूं देऊं नये; गाणाऱ्याचें नांव त्याच्या नंतर येतें.